भाताचा नकाशा आणि गादमाशी

पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात गादमाशी हा जुना शत्रू आहे. डासासारख्या दिसणाऱ्या या माशीची अळी भाताच्या फुटव्यात शिरून कोंब खाते. मग त्या फुटव्याचा कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी पोंगा होतो. त्याला लोंबी येत नाही.

यावर उत्तर म्हणजे प्रतिकारक वाण. पण एक वाण रुजला की काही वर्षांत त्यालाही न जुमानणारी माशी वाढते. भारतात या माशीचे सात जैवप्रकार नोंदले गेले. त्यांपैकी चौथा आंध्रातील श्रीकाकुळम भागात आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात आढळला. १ मे १९९९ रोजी याच भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

या चौथ्या प्रकारालाही दाद न देणारे एक जनुक १९९८ मध्ये ओळखले गेले. त्याचे नाव जीएम-३. अडचण अशी, की ते अप्रभावी आहे. दोन्ही प्रती प्रतिकारक असतील तरच रोप वाचते. चांगल्या वाणाशी संकर केला की पहिल्या पिढीतील सारी रोपे माशीला बळी पडतात. पुन्हा त्याच वाणाशी संकर केला, तर निम्म्या रोपांत एक प्रत दडलेली असते, निम्म्यांत नसते. दिसायला मात्र सगळी सारखीच. निवड कशी करायची?

त्याच वर्षी जपानच्या पुढाकाराने भाताच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन सुरू झाले. त्यासाठी निप्पोनबारे हा जपानी वाण निवडला. भाताची गुणसूत्रे बारा, डीएनएची अक्षरे सुमारे ३९ कोटी. गव्हाची सुमारे १६०० कोटी! म्हणून तृणधान्यांत पहिला मान भाताला मिळाला. दहा देशांनी काम वाटून घेतले. अकराव्या गुणसूत्राचा काही भाग दिल्ली विद्यापीठ आणि भारतीय कृषी संशोधन संस्था यांनी वाचला. चौथे गुणसूत्र चीनने.

खासगी कंपन्याही याच शर्यतीत होत्या. सिंजेंटाने २००२ मध्ये कच्चा आराखडा प्रसिद्ध केला, पण मूळ माहिती अटींसह. दहा देशांचे वाचन मात्र सर्वांना खुले राहिले. ऑगस्ट २००५ मध्ये ते 'नेचर'मध्ये आले तेव्हा त्यात सुमारे साडेसदतीस हजार जनुके मोजली होती.

जीएम-३ चौथ्या गुणसूत्रावर आहे. खुल्या नकाशाच्या आधारे भारतीय शास्त्रज्ञांनी तेथील जनुके तपासली आणि २०१४ मध्ये त्यांतले संभाव्य जनुक दाखवून दिले. आता रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन दडलेली प्रत ओळखता येते. माशीची वाट पाहावी लागत नाही. शांघायमध्ये वाचलेली अक्षरे अशी आपल्या बांधापर्यंत पोचू शकतात, कारण ती कोणी कुलपात ठेवली नाहीत.

तरीही नकाशा म्हणजे बियाणे नव्हे. प्रतिकारक जनुक निप्पोनबारेतून आलेले नाही, ते भारतातल्या भातात सापडले. उद्या माशी पुन्हा बदलेल. तेव्हा लागणारे जनुक कदाचित मागे पडलेल्या एखाद्या गावठी धानात असेल. ते धान टिकले असेल, तरच नकाशाचा उपयोग.

वर्गात तूर आणि वाटाण्याचे दाणे दोन प्रती मानून वरचे संकर मांडून पाहावेत. दडलेली प्रत डोळ्यांना का दिसत नाही, हे मुलांना आपोआप उमगेल.