लॅक्रॉसपटूची कमाई : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

जॉन तवारेस 1992 ते 2015 असे चोवीस हंगाम अमेरिकेतल्या बफेलो बँडिट्स या संघाकडून लॅक्रॉस खेळला. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक बॉक्स लॅक्रॉस लीगमध्ये त्याच्या नावावर 815 गोल आहेत. निवृत्त झाला तेव्हा त्या यादीत तो सर्वांच्या वर होता. यांतला बराचसा काळ तो टोरोंटोलगतच्या मिसिसागा शहरातल्या एका शाळेत गणित शिकवत होता. आठवडाभर वर्ग, आणि सुट्टीच्या दिवशी सीमा ओलांडून सामने. आपल्या खेळात सर्वश्रेष्ठ ठरलेला माणूस दुसरी नोकरी सांभाळून खेळतो, हे क्रिकेटपटूंच्या लिलावाचे आकडे वाचायची सवय झालेल्या आपल्याला चमत्कारिक वाटेल. लॅक्रॉसच्या जगात ही रीतच आहे. ती कशी पडली याचा माग काढू लागलो की खेळ, पैसा आणि वंश यांचा जवळजवळ चारशे वर्षांचा गुंता हाती येतो. त्या गुंत्यात उतरू पाहणाऱ्या मराठी वाचकाचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे. हातात टोकाला जाळी असलेली काठी असते. त्या जाळीत रबरी चेंडू झेलायचा, तो घेऊन पळायचे, सहकाऱ्याकडे फेकायचा आणि संधी मिळताच गोलात मारायचा. मैदानी लॅक्रॉसमध्ये प्रत्येक बाजूला दहा खेळाडू आणि 110 यार्ड लांबीचे हिरवळीचे मैदान असते. बॉक्स लॅक्रॉस आइस हॉकीच्या रिंकमध्ये होते : गोलरक्षक धरून सहा जण, चहूबाजूंनी फळ्या, आणि चेंडूचा ताबा मिळाल्यापासून तीस सेकंदांत गोलावर फटका मारण्याचे बंधन. मैदानी प्रकार अमेरिकेच्या पूर्व भागातल्या महाविद्यालयांनी जोपासला. बॉक्सचा प्रकार 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात रुजला, आणि त्यामागे उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या रिंकमधून उत्पन्न काढण्याचा मालकांचा रोख हिशेब होता. कोणत्याही खेळाडूची कारकीर्द वाचताना तो या दोहोंपैकी कुठे घडला, हे आधी पाहावे. त्याच्या हातांची सवय, त्याचा वर्ग, त्याचे गाव, सगळे त्यात दडलेले असते.

खेळ मात्र या दोन्हींच्या फार आधीचा. आजच्या न्यूयॉर्क राज्यात आणि कॅनडाच्या आग्नेय भागात राहणाऱ्या हौडेनोशोनी लोकांचा सहा राष्ट्रांचा संघ आहे. फ्रेंच त्यांना इरोक्वॉय म्हणत. त्यांच्या दृष्टीने हा निर्मात्याने दिलेला खेळ आहे. तो त्याच्या करमणुकीसाठी आणि माणसांच्या आरोग्यासाठी खेळायचा. ज्याँ द ब्रेबफ या फ्रेंच जेझुइट मिशनऱ्याने 1636 मध्ये शेजारच्या ह्युरॉन लोकांविषयी लिहिताना आजारी माणसाला बरे वाटावे म्हणून गावेच्या गावे एकमेकांविरुद्ध खेळत असल्याची नोंद केली आहे. सहा राष्ट्रांपैकी एक असलेल्या ओनोंडागांमध्ये असा औषधी सामना आजही होतो. तिथे हिकरीच्या लाकडाची काठी वापरतात आणि मोबदल्याचा प्रश्नच नसतो. पुरुष गेला की त्याची काठी त्याच्यासोबत पुरण्याची प्रथा आहे.

या खेळाला छापील नियम दिले ते माँट्रियलच्या विल्यम जॉर्ज बीअर्स या दंतवैद्याने, 1867 मध्ये. कॅनडा हे नवे राष्ट्र त्याच वर्षी जन्मले होते आणि त्याला एक राष्ट्रीय खेळ हवा होता. बीअर्सने तो मूळ रहिवाशांकडून घेतला आणि गोऱ्यांच्या संघातून मूळ रहिवासी खेळाडू उतरवायचा तर आधी तसे ठरलेले असले पाहिजे, अशी अटही नियमांत घातली. 1876 मध्ये तो कानावाके वसाहतीतल्या, हौडेनोशोनींपैकीच असलेल्या मोहॉक खेळाडूंना घेऊन इंग्लंडला गेला आणि व्हिक्टोरिया राणीने विंडसरला त्यांचा खेळ पाहिला. चारच वर्षांनी, 1880 मध्ये, कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने स्वतःला हौशी म्हणवून घेतले आणि पैसे घेणाऱ्यांना अजिंक्यपदापासून दूर केले. मोहॉक खेळाडू गरीब होते. प्रवासाचा खर्च भागवण्यासाठी ते पैसे घेत, म्हणून ते व्यावसायिक ठरले आणि आपल्याच खेळातून बाहेर पडले. या अभ्यासाचे दार मला इथेच दिसते. हौशीपणाचा नियम नीतीच्या भाषेत लिहिलेला असतो, पण तो कोणाच्या खिशावर आणि कोणाच्या कातडीवर पडतो हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

पुढे गोऱ्या खेळाडूंना पैसे मिळू लागले तेव्हा ते चांगलेच मिळाले. न्यूझी लालाँद हा हॉकीतला मोठा तारा, पण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला त्याला लॅक्रॉसमधून हॉकीपेक्षा अधिक कमाई होत असे. 1950 मध्ये अर्धशतकातला कॅनडाचा सर्वोत्तम लॅक्रॉसपटू म्हणून त्याचीच निवड झाली. त्या काळी ज्या मिंटो चषकासाठी चुरस चाले, तो 1901 मध्ये कॅनडाच्या गव्हर्नर-जनरलने दिला होता. मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत आलेले लॉर्ड मिंटो ते हेच. पहिल्या महायुद्धानंतर ही पैशाची लाट ओसरली. 1930 च्या दशकात बॉक्स लॅक्रॉस आले तेव्हा मूळ रहिवासी खेळाडूंना पुन्हा जागा मिळाली. ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्स वसाहतीतला हॅरी स्मिथ त्यांतला एक. जे सिल्व्हरहील्स या नावाने तो पुढे हॉलिवूडमध्ये गेला आणि 'लोन रेंजर' मालिकेतला टोंटो म्हणून घराघरांत पोचला. त्याचे अभिनयाचे आयुष्य सर्वांना ठाऊक आहे. खेळाडू म्हणूनची कारकीर्द मात्र अजून कोणी पुरेशा बारकाईने मांडायला हवी.

आजची व्यावसायिक बॉक्स लीग 1987 मध्ये चार संघांनिशी सुरू झाली. सध्या नियमित हंगामात प्रत्येक संघाचे अठरा सामने असतात, बहुतेक आठवड्याच्या अखेरीस. खेळाडू आपापल्या गावी राहतात, सामन्यासाठी विमानाने येतात आणि परत कामावर जातात. त्यांत शिक्षक असतात, अग्निशामक दलातले असतात, प्रशिक्षक असतात. ऑक्टोबर 2007 मध्ये मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात करार होईना, तेव्हा पुढचा हंगाम रद्द झाल्याचेही जाहीर झाले होते. नंतर तडजोड झाली आणि सामने झाले. महाराष्ट्रातल्या कबड्डीपटूला रेल्वेने, पोलिसांनी किंवा बँकेने नोकरी दिली ती त्याच्या खेळासाठी, संघात घेण्यासाठी. तवारेसच्या शाळेला त्याच्या गोलांशी काही देणेघेणे नव्हते. नोकरी आणि खेळ यांचे नाते इथे निराळे आहे. रजा, दुखापत, बढती, लग्न, मुले, सगळे त्या नात्याच्या हिशेबात येते. या कारकिर्दीला शिडी समजून वाचायला गेलो तर पायऱ्या सापडत नाहीत. हिवाळा-वसंतात बॉक्स, उन्हाळ्यात मैदानी, मधल्या काळात मुलांची शिबिरे आणि काठ्या बनवणाऱ्या कंपनीचा एखादा करार, असे ते वर्ष भरत जाते.

हे चित्र बदलण्याचा सर्वांत ठळक प्रयत्न पॉल राबिलचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून आलेल्या या खेळाडूने भाऊ माइक याच्यासोबत 2018 मध्ये प्रीमियर लॅक्रॉस लीगची घोषणा केली आणि 2019 मध्ये सहा संघ मैदानात उतरवले. सुरुवातीला संघांना शहरेच नव्हती; सगळी लीग दर आठवड्याला नव्या गावी मुक्काम टाकी. खेळाडूंना आरोग्यविमा आणि लीगच्या मालकीत वाटा देऊ केला होता. 2001 पासून चाललेली जुनी मैदानी लीग डिसेंबर 2020 मध्ये तिच्यात विलीन झाली. मला या प्रयत्नाबद्दल आदर आहे, आणि म्हणूनच त्याचा जमाखर्च कठोरपणे तपासला जावा असे वाटते. मालकीतला वाटा खेळाडूच्या हाती रोकड म्हणून कधी येतो, दुखापत झाल्यावर त्याचे काय होते, हे विचारायला हवे.

महाविद्यालयीन वाटही स्वस्त नाही. अगदी 2024 पर्यंत अमेरिकेतल्या अव्वल विभागातल्या पुरुष संघाला जास्तीत जास्त 12.6 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या चाळीसच्या वर खेळाडूंत वाटल्या जात. उरलेले शुल्क घरून येई. खासगी शाळांतली, सुस्थितीतली मुले या खेळात इतकी का दिसतात, याचे बरेचसे उत्तर या आकड्यात आहे.

याच वाटेने लाइल थॉम्पसन आला, तेही ओनोंडागा घरातून. ऑल्बनी विद्यापीठाकडून खेळताना 2014 चा तेवाराटन पुरस्कार त्याने भाऊ माइल्ससोबत वाटून घेतला. महाविद्यालयीन लॅक्रॉसमधला हा सर्वोच्च मान, पुरस्काराला मोहॉक भाषेतले नाव, आणि मूळ रहिवासी विजेते मात्र ते दोघे पहिलेच. 2015 मध्ये लाइलने तो एकट्याने जिंकला. 2017 मध्ये जॉर्जिया स्वॉर्म या संघाला बॉक्स लीगचे विजेतेपद मिळवून देताना तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जानेवारी 2019 मध्ये फिलाडेल्फियात सामन्याच्या उद्घोषकाने ध्वनिक्षेपकावरून त्याची वेणी कापण्याची भाषा केली. त्या माणसाला काम गमवावे लागले. ज्या समाजाच्या मुलांचे केस मूळ रहिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांत सक्तीने कापले गेले, त्या समाजातल्या माणसाला त्याच्याच खेळाच्या मैदानावर हे ऐकावे लागले. लाइलच्या हातात लीगमध्ये प्लॅस्टिकच्या जाळीची काठी असते आणि औषधी सामन्यात लाकडाची. त्याच्या खेळाचा एक भाग करारात येतो आणि एक भाग कोणत्याही करारात बसत नाही. व्यावसायिक कारकिर्दीची आपली व्याख्या या दुसऱ्या भागाला सामावून घेत नसेल, तर ती व्याख्या अपुरी आहे.

राष्ट्र म्हणून खेळण्याचा प्रश्नही याच माणसांना भोगावा लागतो. हौडेनोशोनी नेते ओरेन लायन्स आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये आपल्या लोकांचा राष्ट्रीय संघ उभा केला. 1990 मध्ये तो पर्थच्या जागतिक स्पर्धेत खेळला. 2010 मध्ये मँचेस्टरच्या स्पर्धेसाठी निघालेल्या खेळाडूंना ब्रिटनने त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवर प्रवेश नाकारला. अमेरिकी किंवा कॅनेडियन पासपोर्टवर जाण्याऐवजी ते गेलेच नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने लॉस एंजेलिस 2028 साठी सहा-सहा खेळाडूंच्या लॅक्रॉसला मान्यता दिली. आपल्याकडे त्या दिवशी क्रिकेटचीच चर्चा झाली. ऑलिंपिकला मान्यताप्राप्त राष्ट्रीय समिती लागते आणि हौडेनोशोनींकडे ती नाही. त्याच वर्षी सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक जिंकले होते.

स्त्रियांच्या लॅक्रॉसचे मूळ वेगळे आहे : स्कॉटलंडच्या सेंट लिओनर्ड्स शाळेत 1890 मध्ये पहिला सामना झाला. त्यांची आजची व्यावसायिक लीग मात्र अगदी अलीकडची. प्रीमियर लीगच्याच छत्राखाली 2025 मध्ये चार संघांनी सुरुवात केली.

या क्षेत्रात वाट दाखवणारे अभ्यासक आहेत. स्मिथसोनियन संस्थेतले टॉमस व्हेनम लोकसंगीताचे अभ्यासक होते. समारंभ, गाणी आणि काठ्या पाहत पाहत ते लॅक्रॉसकडे आले. ॲलन डाउनी स्वतः डाकेल या मूळ रहिवासी समाजातले आणि लॅक्रॉस खेळलेले इतिहासकार. मूळ रहिवाशांच्या राष्ट्रभावनेशी या खेळाचे नाते त्यांनी आतून मांडले. खेळाडूच्या पगाराचा, रजेचा आणि गुडघ्याचा इतिहास मात्र बराच लिहायचा राहिला आहे. 1987 च्या पहिल्या हंगामात उतरलेले खेळाडू आज साठीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडे जुने करार असतील, विमान तिकिटे असतील, आणि दुसऱ्या नोकरीतल्या वरिष्ठांशी रजेवरून झालेल्या वादांच्या आठवणी असतील. नव्या अभ्यासकाने कामाला त्यांच्या मुलाखतींपासून सुरुवात करावी, आणि ती लवकर करावी.