ठिणगीचे भय

यंत्रांचा इतिहास लिहिला जातो तो शोधकांच्या नावांनी आणि शोधांच्या सनावळीने. ती यंत्रे जोडणाऱ्या हातांना कोणती धास्ती वाटत होती, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. वस्तुतः गणकयंत्राच्या वाटचालीत या धास्तीलाही स्वतःचा असा एक इतिहास आहे.

१९४६ साली फिलाडेल्फिया येथे ‘एनियॅक’ हे प्रचंड यंत्र लोकांसमोर आले. त्यात सुमारे अठरा हजार निर्वात नलिका होत्या. त्यांतील एक जरी निकामी झाली तरी उत्तर चुकण्याचा संभव होता. एकर्ट आणि मॉचली या त्याच्या निर्मात्यांपुढील शत्रू होता तो उष्णतेचा. एकर्टने नलिकांना त्यांच्या क्षमतेहून कमी दाबाची वीज देण्याचे धोरण ठेवले. यंत्र बंद करून पुन्हा चालू करताना, तापण्या-निवण्याच्या धक्क्याने नलिका अधिक बिघडत. म्हणून ते शक्यतो चालूच ठेवीत. चिंतेतून शिस्त जन्मास आली ती अशी.

भारतातही हा अनुभव आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी स्वदेशी गणकयंत्र उभारले. १९६० साली ते पूर्ण रूपाने कार्य करू लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. इतक्या सांध्यांपैकी एखादा सैल राहिला असेल काय, ही शंका जोडणाऱ्याच्या मनात घर करून राहिली असल्यास नवल नाही. तथापि तेथे एक दिलासा होता : बिघडलेली नलिका शोधून काढता येई आणि तिच्या जागी दुसरी बसविता येई.

१९६० सालीच अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अटाला आणि कांग यांनी नव्या जातीचा ट्रान्झिस्टर सिद्ध केला. त्यातील विद्युत्‌रोधक थर माणसाच्या केसाहून शेकडो पटींनी पातळ असे. पुढे याच जातीच्या ट्रान्झिस्टरांतून संगणकाची चिप घडली आणि धास्तीचे स्वरूप पालटले. उष्णता अंगाला जाणवते. हा नवा शत्रू मात्र जाणवतही नाही. हिवाळ्यात नागपूरला किंवा दिल्लीला लोकरीचा स्वेटर काढताना जी चटचट ऐकू येते, तोच हा शत्रू होय. बोटातून निघालेली ठिणगी माणसाला जाणवण्यास सुमारे तीन हजार व्होल्टचा दाब लागतो. काही नाजूक भाग मात्र शंभर व्होल्टच्या आतच जायबंदी होतात. शिवाय घाव बसलेली चिप आज चालेल आणि काही महिन्यांनी दगा देईल, असेही घडते.

या भयाचीही पद्धत झाली. मनगटाला पट्टा बांधून तो जमिनीशी जोडावयाचा; त्यात दहा लाख ओहमचा रोधक घालावयाचा, म्हणजे साठलेला विद्युत्‌भार सावकाश निघून जातो आणि माणसालाही विजेचा धक्का बसत नाही. मदरबोर्ड कडांनी धरावा, पाठीमागचे सांधे पेटीच्या पत्र्याला टेकू नयेत म्हणून पितळी टेकू योग्य जागीच लावावेत, चिप खाचेत अलगद ठेवावी, दाबू नये — हे नियम तयार झाले. चिप घडविणाऱ्यांनीही तिच्या आतच संरक्षक डायोड बसविले.

म्हणूनच आज घरच्या टेबलावर संगणक जोडणाऱ्या माणसाचे हात किंचित थरथरले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याच्या महिन्या-दोन महिन्यांच्या मिळकतीची ती वस्तू असते. परंतु भिणारा माणूस आणि जपणारा माणूस यांत अंतर आहे. पहिला वस्तूला हात लावीत नाही. दुसरा हात लावण्यापूर्वी क्षणभर पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करतो. यंत्रविद्येची प्रगती झाली आहे ती या दुसऱ्या माणसामुळे.