वजन उतरवणे कुठे थांबवायचे? एका आकड्याचा इतिहास

आपला गोंदिया धानाचा जिल्हा. इथे वजन कमी करायचे म्हटले की पहिली गदा भातावर येते. वजन उतरते, लोक कौतुक करतात. पण पुढे काय? भात कायमचाच बंद? अजून किती उतरायचे? अशा वेळी बहुतेक जण मनात एक आकडा धरून बसतात, "साठ किलो झाले की पुरे." हे आकडे आले कुठून, ते समजले तर कुठे थांबायचे हे ठरवणे सोपे जाईल.

१८३० च्या दशकात बेल्जियमचे गणिती ॲडॉल्फ केतले 'सरासरी माणूस' कसा असतो याचा अभ्यास करत होते. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागायचे, हे सूत्र त्यातून आले. लठ्ठपणाच्या उपचारासाठी ते बनवलेलेच नव्हते. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या विमाधारकांच्या नोंदींवरून उंचीनुसार 'आदर्श वजना'चे तक्ते काढले. १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी केतले यांच्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' म्हणजे बीएमआय हे नाव दिले.

हे तक्ते परदेशी शरीरांवरून बनलेले. आपल्या शरीराची गोष्ट वेगळी आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हावे असे सुचवले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी १८ ते २२.९ बीएमआय सामान्य मानला. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ठरवली.

याचा तुमच्यासाठी अर्थ काय? काट्यावर चरबी आणि स्नायू वेगळे दिसत नाहीत. उपाशी राहून स्नायूच झिजले तर काटा खाली येईल, पण पोटाची चरबी बरीचशी तशीच राहू शकेल.

आणि थांबलो नाही तर काय होते? तेही ॲन्सेल कीज यांनीच पाहून ठेवले आहे. १९४५ मध्ये मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले. ते सतत थंडीने कुडकुडत, थकत, चिडत आणि दिवसभर खाण्याचाच विचार करत. पोटभर जेवण सुरू झाल्यावर चरबी आधी परतली, स्नायू मागे राहिले.

म्हणून थांबण्याच्या खुणा अशा ओळखा. कमरेचा घेर मर्यादेत आला आहे. साखर आणि रक्तदाब ताब्यात आहेत. जिना चढताना, पाण्याची बादली उचलताना ताकद पूर्वीइतकीच किंवा जास्त आहे. असे असेल तर काट्यावर साठऐवजी त्रेसष्ट दिसले तरी थांबा. जास्त वजन असलेल्यांना मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम दिसतो. उलट सतत थंडी वाजणे, केस गळणे, पाळी चुकणे, अशक्तपणा या खुणा दिसल्या तर घेर कितीही असो, घट थांबवून डॉक्टरांना भेटा.

थांबणे म्हणजे जुन्या ताटाकडे परतणे नव्हे. हलक्या झालेल्या शरीराला पूर्वीपेक्षा कमी अन्न पुरते. एक लहान वाटी शिजलेला भात, म्हणजे साधारण १०० ग्रॅम आणि १३० कॅलरी, रोजच्या जेवणात परत घ्या. सोबत डाळ, अंडी किंवा मासळी राहू द्या. दोन-तीन आठवडे वजन बघा. ते स्थिर राहिले तर तुमचे माप सापडले. उतरतच असेल तर आणखी थोडे वाढवा. रोवणी-कापणीच्या दिवसांत जे शेतात राबतात त्यांना जास्त लागेल, रिकाम्या महिन्यांत कमी. आठवड्यातून एकदा वजन करा. ठरलेल्या वजनापेक्षा दोन किलो वर गेले की लगेच हात आवरा.

दोन गोष्टी विसरू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर वजन उतरल्यावर डोस बदलावा लागू शकतो. तो डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि काहीही न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नका. क्षयरोग, मधुमेह, थायरॉईड यांची तपासणी आधी करून घ्या.