एकघाती कार्यक्रमण व व्यवसाय व्यवस्थापन

मर्यादित साधनसामग्रीची निरनिराळ्या कामांत कशी वाटणी केली असता नफा कमाल अथवा खर्च किमान होईल, हे ठरविण्याची गणितीय पद्धती. इंग्रजीत ती ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ या नावाने ओळखली जाते. उत्पादन दुप्पट केल्यास त्यास लागणारा माल, वेळ व त्यापासून मिळणारा नफाही दुप्पट होतो, असे या पद्धतीत गृहीत धरलेले असते. त्यामुळे उद्दिष्ट व मर्यादा ही दोन्ही पहिल्या घाताच्या पदांत मांडता येतात. म्हणून ती एकघाती होय. ‘कार्यक्रमण’ या शब्दाचा मूळ संबंध संगणकाशी नाही. प्रशिक्षण, पुरवठा व हालचाली यांच्या योजनांना अमेरिकन सेनादलांत ‘प्रोग्रॅम’ म्हणत असत. त्यावरून हे नाव रूढ झाले.

उगम : एकघाती असमतांच्या संहतींचा विचार फ्रेंच गणितज्ञ झां बातीस्त झोझेफ फूर्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच केला होता, परंतु उत्पादनाच्या प्रश्नाशी त्याची सांगड विसाव्या शतकात घातली गेली, आणि तीही परस्परविरोधी अर्थव्यवस्था असलेल्या दोन देशांत स्वतंत्रपणे. लेनिनग्राडमधील गणितज्ञ लिओनिद कांतोरोव्हिच (१९१२–८६) यांच्याकडे १९३८ मध्ये प्लायवुड उद्योगाच्या प्रयोगशाळेकडून एक प्रश्न आला. लाकूड सोलणारी आठ यंत्रे व लाकडाचे पाच प्रकार होते आणि प्रत्येक यंत्राचा वेग लाकडाच्या प्रकारानुसार बदलत असे. प्रकारांचे ठराविक प्रमाण राखून एकूण उत्पादन कमाल कसे करावे, असा तो प्रश्न होता. शेतीची पेरणी, पत्रे कापताना होणारी नासाडी, मालवाहतूक इ. प्रश्नांचे स्वरूप मुळात हेच आहे, हे कांतोरोव्हिच यांच्या ध्यानी आले. त्यांची यासंबंधीची पुस्तिका १९३९ मध्ये लेनिनग्राड विद्यापीठाने प्रसिद्ध केली. तथापि त्यांच्या पद्धतीत प्रत्येक मर्यादेला एक गुणक, म्हणजे व्यवहारात एक किंमत, लाभत असे. वस्तूचे मूल्य श्रमातून निर्माण होते, या अधिकृत मार्क्सवादी सिद्धांताशी ही कल्पना जुळणारी नव्हती. युद्धकाळात लिहून झालेला त्यांचा अर्थशास्त्रीय ग्रंथ १९५९ पर्यंत अप्रकाशित राहिला आणि १९३९ च्या पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर १९६० मध्ये उपलब्ध झाले.

दरम्यान अमेरिकेत फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये अनेक कारखान्यांतून अनेक शहरांना किमान खर्चात माल पाठविण्याचा प्रश्न मांडला. जन्माने डच असलेले अर्थशास्त्रज्ञ त्यालिंग कोपमान्स (१९१०–८५) यांनी युद्धकाळात जहाजांच्या फेऱ्यांच्या संदर्भात अशाच प्रश्नाचा अभ्यास केला. १९४७ मध्ये अमेरिकन हवाई दलाचे गणित सल्लागार जॉर्ज डँट्झिग (१९१४–२००५) यांनी अशा सर्व प्रश्नांना लागू पडणारी सिंप्लेक्स पद्धती शोधून काढली. सर्व मर्यादा पाळणाऱ्या योजनांचा समूह म्हणजे भूमितीच्या भाषेत एक बहुफलक होय आणि इष्टतम योजना अस्तित्वात असल्यास ती त्याच्या एखाद्या शिरोबिंदूवर सापडतेच. सिंप्लेक्स पद्धतीत एका शिरोबिंदूपासून अधिक फायदेशीर अशा शेजारच्या शिरोबिंदूकडे क्रमाक्रमाने जाऊन उत्तर गाठले जाते. त्याच वर्षी डँट्झिग यांच्याशी झालेल्या चर्चेत जॉन फॉन नॉयमन यांनी प्रत्येक प्रश्नाला जोडून येणाऱ्या द्वैती प्रश्नाची कल्पना मांडली.

पद्धतीची पहिली मोठी कसोटी आहाराच्या प्रश्नावर लागली. जॉर्ज स्टिग्लर यांनी ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषक घटकांची गरज भागविणारा, वर्षाला ३९.९३ डॉलर खर्चाचा आहार १९४५ मध्ये अंदाजाने काढला होता. सिंप्लेक्स पद्धतीने आलेले उत्तर ३९.६९ डॉलर, म्हणजे केवळ २४ सेंटांनी कमी होते. पण ते काढण्यास हातयंत्रे वापरणाऱ्या गणकांचे सु. १२० मनुष्यदिन खर्ची पडले. एवढ्या श्रमाने एवढीशीच बचत होणार असेल, तर व्यवसायात तिचा उपयोग काय, हा प्रश्न संगणकाच्या प्रसारानंतरच निकालात निघाला.

उद्योगांतील प्रवेश : पिट्सबर्ग येथील अब्राहम चार्न्स व विल्यम कूपर यांनी तेल उद्योगातील बॉब मेलन यांच्यासह १९५२ मध्ये विमानांच्या पेट्रोलच्या मिश्रणासंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला. ऑक्टेन अंक, बाष्पदाब इ. अटी पाळून उपलब्ध घटकांपासून कोणते मिश्रण किती करावे, हा त्याचा विषय होता. तेल परिष्करणाचा उद्योग या पद्धतीला अनुकूल ठरला, याची कारणे उघड आहेत : प्रमाणाचे गृहीत तेथे बऱ्याच अंशी खरे ठरते, गुणधर्मांची मोजमापे नित्य घेतली जातात आणि उत्पादन एवढे प्रचंड असते की, दर पिंपामागे होणारी किरकोळ बचतही मोठी रक्कम होते. पुढे पशुखाद्य, कागद, पोलाद, वाहतूक आदी उद्योगांत व विमान कंपन्यांत तिचा प्रसार झाला.

निर्णयातील स्थान : एका साध्या उदाहरणावरून पद्धतीचे मर्म स्पष्ट होईल. एका कारखान्यात १०० घनफूट लाकूड व २४० तासांचे श्रम उपलब्ध आहेत. एका मेजाला २ घनफूट लाकूड व ३ तास, तर एका कपाटाला १ घनफूट लाकूड व ४ तास लागतात. खर्च वजा जाता मेजामागे ९० रु. व कपाटामागे ७० रु. नफा होतो. मेजावर नफा अधिक म्हणून केवळ मेजेच केली, तर ५० मेजांत लाकूड संपते, ९० तास वाया जातात आणि नफा ४,५०० रु. होतो. केवळ कपाटे केल्यास श्रमाचे तास ६० कपाटांत संपून नफा ४,२०० रु. पडतो. इष्टतम योजना ३२ मेजे व ३६ कपाटे ही असून तिचा नफा ५,४०० रु. येतो.

याहून महत्त्वाची माहिती द्वैती प्रश्नातून मिळते. या योजनेत लाकडाच्या एका जादा घनफुटाने नफ्यात ३० रुपयांची, तर एका जादा तासाने १० रुपयांची भर पडते. यांना छाया किंमती म्हणतात. जादा कामासाठी नेहमीच्या वेतनावर ताशी १० रुपयांपेक्षा अधिक द्यावे लागत असेल, तर ते काम करून घेणे तोट्याचे, हे त्यावरून कळते. मात्र या किंमती मर्यादांमधील लहान बदलांपुरत्याच खऱ्या असतात. सोव्हिएट रशियात ज्या आकड्यांमुळे कांतोरोव्हिच अडचणीत आले, तेच अमेरिकन व्यवस्थापकाला सर्वांत उपयुक्त वाटावेत, हा या इतिहासातील लक्षणीय विरोधाभास होय.

मर्यादा व उत्तरकाल : जग एकघाती नाही, असा आक्षेप आरंभीच घेतला गेला होता. शिवाय साडेतीन विमाने उडविता येत नाहीत. पूर्णांकी उत्तरांसाठी राल्फ गोमोरी यांनी १९५८ मध्ये वेगळी रीत दिली. अतिविशाल प्रश्नांसाठी मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे (आयआयटी) माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना बहुफलकाच्या अंतर्भागातून मार्ग काढणारी पद्धती मांडली. आजच्या संगणक प्रणालींत सिंप्लेक्स व अंतर्भागीय अशा दोन्ही पद्धती वापरल्या जातात. कांतोरोव्हिच व कोपमान्स यांना १९७५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. डँट्झिग यांचा त्यात समावेश नव्हता.

मात्र नफा वाढवावा की रोजगार टिकवावा, कोणती मर्यादा अटळ मानावी व कोणती बदलावी, हे ठरविण्याचे काम कोणतीही गणनपद्धती करीत नाही. उद्दिष्ट चुकीचे निवडल्यास काटेकोर गणिताने चुकीचीच योजना इष्टतम ठरते. म्हणून या पद्धतीने व्यवस्थापकाची जबाबदारी कमी झालेली नाही. आपण कशासाठी किती किंमत मोजत आहोत, हे मात्र त्याला पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसू लागले आहे.