देवळाच्या जुन्या वहीतील एक नोंद व आमची रोह्याची फेरी

जीर्णोद्धार समितीने या स्मरणिकेसाठी गावाचा इतिहास लिहिण्याचे काम मजवर सोपविले. तालुका कचेरीत कारकुनी करीत असल्याने जुने कागद चाळण्याची सवय आहे, एवढीच काय ती माझी पात्रता. ग्रामस्थ बंधुभगिनींनी व देणगीदारांनी हे वेडेवाकडे शब्द गोड मानून घ्यावेत.

गावाचे कागद फारसे शिल्लक नाहीत. उधाणात बांध फुटून पाणी घरात शिरायचे, त्यात पुष्कळ गेले. उरलेले वाळवीने खाल्ले. देवळाच्या पेटीत वर्गणीची एक वही मात्र मिळाली. आढे व कौले बदलली त्या वेळची, वर सन १९७१-७२ घातले आहे. पुरुषांची नावे वडिलांच्या नावासह व्यवस्थित लिहिली आहेत. शेवटच्या दोन पानांवर सासरी गेलेल्या लेकींच्या नोंदी आहेत, पण त्यांत नाव एकीचेही नाही. जी ज्या गावी दिली त्या गावावरून तिला हाक मारायची ही आपली रीत, तीच लिहिणाऱ्याने वहीत उतरविली. त्यातली एक नोंद अशी : ‘रोहेकरीण, रु. ११, हस्ते मीठवाला.’ आमच्या आजोबांच्या नावापुढे रु. ५ आहेत.

ही रोहेकरीण कोण, असे वडिलांना विचारले. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “आपलीच. माझी आत्या.” तिचे नाव विचारता त्यांना आठवेना. लहानपणी सर्व जण तिला रोहेकरीणच म्हणत, असे ते म्हणाले.

पेण आणि रोहे ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात. १ जानेवारी १९८१ पर्यंत त्याचे नाव कुलाबा होते, नंतर रायगड झाले. अंतर सुमारे ४० किलोमीटर. पण पूर्वी ते अंतर आजच्यासारखे नव्हते. आपला खारेपाट म्हणजे भोगावतीच्या व धरमतरच्या खाडीकाठची बांध घालून मिळविलेली जमीन. भात पिकते, मीठ पिकते, पण प्यायला गोडे पाणी नाही. बायकांचा निम्मा जन्म हंड्याखाली गेला. (आता आपल्याच तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते, आणि खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, हे येथे नमूद करून पुढे जातो.) म्हणून ज्याला जमेल तो बाप लेक गोड्या पाण्याच्या गावी द्यायचा, असे जुनी माणसे सांगत. रोह्याला कुंडलिका नदी आहे. एका काठी रोहे, दुसऱ्या काठी अष्टमी. तिकडे सोयरिक जमली की मुलीची आई निश्चिंत होत असे.

जाणे-येणे बैलगाडीने किंवा पायी, मुक्काम बहुधा नागोठण्याला. तेथे निजामशाही काळातला म्हणून ओळखला जाणारा जुना दगडी पूल आजही उभा आहे. वर्षातून एकदा तरी भाऊ बहिणीकडे जायचाच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्याचे ग्रामदैवत श्री धावीर महाराज यांची पालखी निघते, पोलीस तिला मानवंदना देतात. पालखी पाहायची आणि बहिणीकडे दोन दिवस राहून यायचे, अशी ही फेरी असे. पुढे रस्ता सुधारला, एस. टी. आली. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत पोचली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. वाट सोपी झाली तेव्हा आमच्या घरातून रोह्याला जाणारे कोणी उरले नव्हते.

याचे कारण लिहावे की न लिहावे याचा मी विचार केला. वडील म्हणाले, लिही.

१९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याने लेकीला बापाच्या मिळकतीत वारसा मिळाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी आमचे पणजोबा वारले. वारस नोंदीच्या वेळी आजोबांनी बहिणीला रोह्याहून बोलावून घेतले, तिचा हक्कसोडीवर अंगठा घेतला आणि त्याच संध्याकाळी परत पाठविले. साडीचोळी केली नाही, मुक्कामही झाला नाही. ती काही बोलली नाही म्हणतात. पण त्यानंतर ती माहेरी आली नाही, आणि आजोबाही पालखीला गेले नाहीत. असे असून दहाएक वर्षांनी देवळाची कौले बदलायची आहेत हे कुणा मीठवाल्या गाडीवानाकडून तिला कळले, व तिने त्याच्याच हाती ११ रुपये पाठविले.

मी कचेरीत हक्कसोडीची प्रकरणे रोज पाहतो. १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली केंद्राने कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला. त्याच सुमारास आपल्या भागात सेझचे वारे आले. २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांच्या शेतकऱ्यांचे मत घेतले गेले, ते पुष्कळांना आठवत असेल. जमिनीला भाव आला आणि वीस-वीस वर्षे न भेटलेली भावंडे एकमेकांच्या दारी जाऊ लागली. मिठाईचा पुडा एका हातात, कागद दुसऱ्या हातात. त्या दिवसांत किती बहिणी कचेरीच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या पाहिल्या!

तिचे सासरचे नाव व गाव मला जुन्या फेरफाराच्या नोंदीतच मिळाले. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत डोंबिवलीचे थोरले बंधू, पनवेलची बहीण, उरणची आत्या अशी सगळी मंडळी घरी जमली होती. बारा वर्षांनी सर्व भावंडे एका छपराखाली आली. अंगणात पंगती, रात्री पत्ते, मुलांचा धुडगूस. तिसऱ्या दिवशी वडिलांनीच विषय काढला. चौदा माणसे पेण स्टेशनवर दिवा-रोहा गाडीत बसलो. कासू, नागोठणे, निडी आणि रोहे. पूर्वी ज्याला मुक्काम करावा लागे तो प्रवास मुलांची भेळ संपण्याच्या आत उरकला.

स्टेशनवरून मिनिडोअर केली. घर सापडायला वेळ लागला नाही, आत जायला मात्र लागला. आत्याचा नातू माझ्याच वयाचा. आम्ही पेणची माणसे म्हणून सांगितले तेव्हा तो दारातच उभा राहिला. चौदा माणसांकडे पाहून त्याने पहिला प्रश्न केला, “कागद कुठला आणलात?”

माझ्याकडे पिशवी होती. त्यात देवळाचे निमंत्रण, नारळ आणि एक लुगडे होते. मी पिशवी ओट्यावर रिकामी केली. तरी तो गप्पच. तेवढ्यात आतून त्याची आई आली, म्हणजे आत्याची सून, ऐंशीच्या घरातली. वडिलांनी “वहिनी” म्हणून हाक मारली. तिने डोक्यावरून पदर घेतला, त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिले आणि मुलाला म्हणाली, “पाण्याचं बघ. सासूबाईंच्या माहेरची माणसं आहेत, नाक बघ त्यांचं.”

मग दुपारभर बसलो. आत्या जाऊन तीस वर्षे झाली. खारेपाटाचे मीठ घेऊन कुणी आला तर ती त्याला जेवल्याशिवाय सोडत नसे व आपल्या गावचा पाऊस, बांध, देऊळ यांची चौकशी करी. अंगठ्याच्या त्या दिवसाबद्दल ती घरात कधी बोलली नाही. फक्त दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून राहायची, असे वहिनी म्हणाल्या. वडील उठून परसात गेले, बराच वेळ आले नाहीत. लग्नात तिचे नाव बदलले होते. माहेरचे नाव वहिनींना ठाऊक होते, कारण देवापुढे बसली की ती स्वतःला त्याच नावाने हाक मारी.

गावाचे नाव माणसाला कसे चिकटते याचे नवल वाटते. आपल्या भागातील बेने इस्रायल मंडळी, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हणत, त्यांचे पेणला १८६३ सालापासूनचे प्रार्थनामंदिर आहे. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तिकडेही पेणकर, रोहेकर ही आडनावे आहेत, आणि त्यांची मुले-नातवंडे हजारो मैलांवरून घोळक्याने आपल्या आडनावाचे गाव पाहायला येतात, उरल्यासुरल्या नातलगांना भेटतात, अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या स्थानावर मलिदा करतात. आम्हांला ४० किलोमीटर जायला साठ वर्षे लागली.

संध्याकाळी धावीर महाराजांचे दर्शन घेऊन शेवटच्या गाडीने परतलो. कलशारोहणाला रोह्याची नऊ माणसे आली होती. वहिनींची ओटी भरली व आत्याच्या नावाची साडी त्यांच्याच हाती दिली. जुन्या वहीतील ११ रुपये समितीने या स्मरणिकेच्या यादीत पुन्हा छापले आहेत, माहेरचे व सासरचे अशा दोन्ही नावांनी. वाचकांनी तेथे पाहावे.

सदर वहीत नाव नसलेल्या आणखी सहा नोंदी आहेत : नागोठणेकरीण रु. ५, पोयनाडकरीण रु. २, कोलाडकरीण रु. ५, उरणकरीण थोरली रु. १०, उरणकरीण धाकटी रु. १, आणि वडखळकरीण, रोकड नाही, भात एक मण. यांपैकी कोणाही माउलीचे नाव ज्यांच्या घरात ठाऊक असेल त्यांनी ते देवळाच्या कार्यालयात कळवावे. वही तेथेच ठेवली आहे.