आपला धंदा कोणता?

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर वय विचारतात, व्यसन विचारतात. ‘काम काय करता?’ हा प्रश्न मात्र पुष्कळदा राहून जातो. कर्करोगाच्या इतिहासात याच साध्या प्रश्नाने मोठे कार्य केले आहे.

प्रत्येक रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असे इटलीच्या रामाझिनी या वैद्याने १७०० सालच्या आपल्या ग्रंथात सांगितले. १७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी दाखविले की, लहानपणी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी त्वचेचा कर्करोग होतो. कारण एकच, अंगाला चिकटून राहणारी काजळी. १८९५ मध्ये जर्मनीच्या लुडविग रेन यांना रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळला. पुढे १९१५ साली जपानमध्ये यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचे डांबर लावून कर्करोग उत्पन्न केला आणि जुन्या शंकेला प्रयोगाचा आधार मिळाला.

आपल्याकडे मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटने १९९० च्या दशकात विडी-तंबाखूच्या कामगारांची तपासणी केली. तंबाखू हाताळणाऱ्यांच्या पेशींतील गुणसूत्रांना इजा झाल्याचे तीत दिसले. ही इजा म्हणजे कर्करोग नव्हे. पण तो धोक्याचा इशारा निश्चितच होय.

ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था अशा पदार्थांची पारख करते. कर्करोग निश्चित करणाऱ्यांच्या तिच्या यादीत अॅस्बेस्टॉस व लाकडाचा बारीक भुसा आहे. डिझेलच्या धुराची भर २०१२ मध्ये व वेल्डिंगच्या धुराची २०१७ मध्ये पडली.

पालकहो, वाटूर-परतूर-जालना भागातील आपली मुले गॅरेज, वेल्डिंग, फर्निचर याच कामांना लागतात. काम सोडावे असे कोणी म्हणणार नाही. रोजी-रोटी त्यावरच आहे. परंतु दुकानात हवा खेळती ठेवावी, नाकातोंडावर योग्य मास्क लावावा, कामाचे कपडे बदलून व हातपाय धुऊन मगच जेवावे.

हा रोग बहुधा वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. लहान दुकानांत अशी नोंद कोण ठेवणार? ती आपणच ठेवावी. कोठे, कोणते काम, किती वर्षे केले, हे वहीत लिहावे आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे. घरात लिहिता-वाचता येणारे मूल असेल, तर हे काम त्याच्याकडे सोपवावे. शिक्षणाचा असाही उपयोग आहे.