घराण्याचा माग

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणें आहे. त्यांत सिमुक, सातकर्णि, राणी नागनिका इत्यादि सातवाहन राजकुळांतील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या. वरचीं नांवें तेवढीं राहिलीं. राजांची गोष्ट निराळी. रयतेचें नांव दगडावर कोण कोरणार? तें कागदावर आलें, आणि तेंहि बहुधा भांडणामुळें!

वतनाचा तंटा गोतसभेपुढें गेला म्हणजे वादी आपला करीना लिहून देई. पाटिलकी कोणाकडून कोणाकडे आली, हें त्यांत पिढीवार सांगावें लागे. निवाड्याचा महजर होई. असले मोडी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरांत रुमालांत बांधलेले आहेत. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत छापले. परंतु साध्या पाटलाचा पणजा छापील खंडांत क्वचितच भेटतो. त्यासाठीं मोडीच शिकली पाहिजे.

ज्यांना वतनच नव्हतें, त्यांचें काय? आंबेगांवच्या डोंगरपट्ट्यांतील महादेव कोळी कुटुंबांना हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. जमातीच्या दाखल्यासाठीं ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानतात. घरांतला पहिला शाळकरी मुलगा त्यानंतरचा असेल, तर वंशावळ आजीच्या तोंडीं असते. आणि कचेरींत तोंडचें फारसें चालत नाहीं. डिंभे धरणाच्या पाण्यांत जुनें आंबेगांव बुडालें, तेव्हां साक्ष देणारे शेजारीहि पांगले.

२०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें कुणबी नोंदींचा शोध आरंभिला आणि चावडीचें जन्ममृत्यूचें पुस्तक व शाळेचें जनरल रजिस्टर यांना एकाएकीं मोल आलें. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. जुन्या महसुली कागदांच्या प्रतिमा ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहतां येऊं लागल्या. ही सोय मोठी खरी, पण यंत्र कागद दाखवितें, वाचून देत नाहीं.

शाळेच्या रजिस्टराविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १ जून रोजीं जन्मलेलीं मुलें त्यांत जितकीं आढळतात, तितकीं त्या दिवशीं खचित जन्मलीं नसतील. बापास तारीख ठाऊक नसे. मास्तर शाळेच्या सोयीची लिहून टाकीत. तेव्हां तारीख सोडावी, बापाचें नांव घ्यावें आणि तें चावडीच्या पुस्तकाशीं ताडून पाहावें.